रुमालाच्या खुर्च्या

बेंगळुरूहून आलेल्या तिघांनी पहिल्याच दिवशी आमच्या लायब्ररीतल्या सगळ्यात जास्त उघडल्या जाणाऱ्या कपाटाच्या काचेवर पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवायला सुरुवात केली. ते स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांचं कपाट. दुपारपर्यंत काचेवर इतक्या चिठ्ठ्या झाल्या की आतली पुस्तकं दिसेनात. कुणी पुस्तक मागायला आलं की दार उघडताना चिठ्ठ्या पडतील म्हणून मी त्याला ‘उद्या या’ म्हणत होतो. त्या चिठ्ठ्यांवर लिहिलेलं होतं की वाचकाला हवं ते पुस्तक पटकन मिळालं पाहिजे.

वाचक हा शब्द मी घातला. ते ‘युजर’ म्हणत. ‘युजर काय म्हणतो ते ऐकायला आम्ही आलोय’ हे वाक्य मी दोन दिवसांत इतक्या वेळा ऐकलं की शेवटी मला वाटू लागलं, हा युजर म्हणून कुणी माणूस आहे आणि तो आमच्याकडं येऊन गुपचूप बसून जातो, फक्त मलाच आजवर दिसलेला नाही.

मी तिथला सहायक ग्रंथपाल. बिदर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, बसस्टँडच्या मागं एक मजली इमारत, एक हॉल, मागं पुस्तकांची खोली. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. वडील अडतीवर पोती उचलायचे, आई सोयाबीन काढायला रोजानं जायची. मी खेड्यातून रोज गाडीनं येऊन याच हॉलमध्ये बसून बी. ए. केलं, पुढं ग्रंथालयाची पदवी घेतली आणि याच हॉलमध्ये नोकरीला लागलो. त्यामुळं या इमारतीला कुणी नावं ठेवली की मला आईला बोलल्यासारखं लागतं. हा गुण आहे असं मी बरीच वर्षं समजत होतो.

लायब्ररी सुधारायला सरकारनं पाठवलेल्या या तिघांत एक साहेब, एक मॅडम आणि एक फोटो काढणारा. माणसं वाईट नव्हती. हसून बोलत, चहाच्या कपाला दोन्ही हात लावून आभार मानत. पण मला त्यांची कीव यायची. लायब्ररी लोकांना सोयीची कशी करायची हे शिकून आलेली ही माणसं, आणि लोक कुठं असतात हेच त्यांना कळत नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांनी मोठ्या कागदावर चार वाचक काढले. खरे नाहीत, मनातले. एक मुलगी होती, मांडीवर लॅपटॉप, शेजारी कॉफीचा कप. एक आजोबा होते, नातवाचा हात धरून गोष्टीचं पुस्तक शोधणारे. चौघांनाही वय, आवडीनिवडी, स्वप्नं दिलेली होती. त्या चौघांतला एकही आमच्या गावात राहत नव्हता. माझा मोठेपणा असा की मी त्या कागदाचे चारही कोपरे धरून उभा राहिलो आणि ‘व्हेरी नाइस’ म्हणालो.

आता आमच्या हॉलची रीत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

आमच्याकडं गाडी स्टँडवर लागायच्या आधीच लोक खिडकीतून आत रुमाल टाकतात. रुमाल पडला की ती सीट त्याची. चढणारा कितीही दांडगा असो, रुमालावर बसत नाही. हॉलमध्येही तेच. हॉलमध्ये अठ्ठावीस खुर्च्या. सकाळी दहाला दार उघडलं की पहिले येणारे आपापली खुर्ची घेतात आणि शेजारच्या खुर्चीवर रुमाल, टॉवेल, नाहीतर घडी घातलेला पेपर ठेवतात. स्वतःसाठी नाही. जो अजून यायचाय त्याच्यासाठी. कुणी शेतातलं उरकून अकराला येतो, कुणी दुकान भावाच्या ताब्यात देऊन बाराला, कुणाची खेड्यावरची गाडीच उशिरा येते. याची नोंद कुठं नाही. हे कुणी ठरवलंही नाही. मी शिकत असताना माझी गाडी पावणेबाराला यायची, आणि तिसऱ्या ओळीतल्या एका खुर्चीवर घडी घातलेला कन्नड पेपर कायम असायचा. तो कोण ठेवायचं हे मला आजतागायत कळलेलं नाही. मी फक्त पेपर उचलून बसायचो.

या रीतीतली एक जोडी आमच्या हॉलमध्ये होती. एक अप्पा, वीज खात्यातून लाइनमन म्हणून रिटायर झालेले, घरात कन्नड, बाहेर मराठी, पेपर दोन्हीतले. ते दहाला येऊन खिडकीखालच्या शेवटच्या ओळीत बसत आणि शेजारच्या खुर्चीवर हिरव्या काठाचा टॉवेल टाकत. ती खुर्ची एका बाईची. बाई पस्तिशीच्या पुढची, राजेश्वर गावाकडची लेक, आमच्या गावात दिलेली. सकाळी शाळेतल्या पोरांच्या जेवणाच्या कामावर असायची. भात, सांबार, भांडी, सगळं उरकून दीड वाजता यायची आणि साडेचारपर्यंत बसायची. तिचं डी. एड. लग्नाआधीच झालेलं. सरकारी मराठी शाळेवर शिक्षिकेच्या जागा निघाल्या होत्या, परीक्षा तीन महिन्यांवर होती, आणि वयाच्या अटीमुळं तिची ही शेवटची खेप. मराठी शाळेत शिकवायलासुद्धा आमच्याकडं कन्नडचा पेपर पास व्हावा लागतो. बोलायला ती शेजारणीशी फाडफाड कन्नड बोलायची. लिहायचं म्हटलं की हात अडायचा. तो हात अप्पा सोडवत होते. रोज तीन तास, कुजबुजत. घरी दोन खोल्या, अंथरुणाला खिळलेली सासू आणि दिवसभर चालणारा टीव्ही. तिला हवी ती जाड संदर्भपुस्तकं घरी नेता येत नाहीत, हा आमचाच नियम. म्हणजे तिच्याजवळ जे काय होतं ते एवढंच: अप्पांच्या शेजारची ती खुर्ची, दीड ते साडेचार.

पाहणी दोन्ही दिवस सकाळी दहा ते एक चालली. एक वाजता मी पाहुण्यांना स्टँडसमोरच्या खानावळीत जेवायला नेत होतो, आणि तिथून ते लॉजवर आराम करायला जात होते.

मुलाखतीचा पहिला मान अप्पांचा. मॅडम इंग्रजीत विचारायच्या, मी त्याचं मराठी करायचो. तेही कसं, तर आकाशवाणीच्या बातम्यांसारखं.

“ग्रंथालयात प्रवेश केल्यानंतर आपल्याला कसा अनुभव येतो?”

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. “काय झालं सर, बरं हाय न्हव?”

“ते विचारायलेत, हितं आल्यावर कसं वाटतं.”

“कसं वाटायलंय म्हणजे? उनातून आलं की बरं वाटायलंय.”

“काही अडचण येते का?”

“न्हाई न्हाई. काय अडचण न्हाई.” मग मॅडमकडं वळून, मोठ्यानं, लांबच्या माणसाला मराठी ओरडून सांगितलं की कळतं अशा थाटात, “बाई, जेवलाव का? हितलं पाणी बाधंल बघा, बाटलीचं प्या.”

“मोकळेपणानं सांगा म्हणावं,” मॅडम म्हणाल्या. “आम्हाला उणिवाच ऐकायच्या आहेत.”

मी सांगितलं. अप्पांनी मान माझ्या कानाशी आणली. “अहो सर, लेकरू एवढ्या लांबून आलंय, आन् मी त्याला आपल्या संडासाचं कुलूप सांगत बसू? पाव्हन्याला घरातलं फुटकं दाखवतंय का कोन?”

मी मॅडमना सांगितलं, ते म्हणतात सगळं उत्तम आहे. त्यांनी चिठ्ठी लिहिली: ज्येष्ठ युजर, पूर्ण समाधानी. एक वाजेपर्यंत असंच. पाहुण्याला कुणी वाईट सांगितलं नाही. फारच खोदून विचारलं तर पंखा म्हणायचे. पंखा फिरत होता, तरी पंखा म्हणायचे. काहीतरी मागितल्याशिवाय पाहुण्याला बरं वाटणार नाही, एवढं कळण्याइतके आमचे लोक शहाणे आहेत.

फोटोवाला दर अर्ध्या तासानं दारात उभा राहून हॉलचा फोटो घेत होता. दुसऱ्या दिवशी साहेबांनी लॅपटॉपवर ते फोटो एकापुढं एक लावले आणि मला बोलावलं. रुमालाच्या खुर्च्यांवर लाल चौकोन काढलेले होते.

“या खुर्च्या तासन्‌तास रिकाम्या दिसतात. कपडा कुणाचा?”

त्या क्षणी मला लाज वाटली. आमची लायब्ररी या माणसाला बसस्टँडसारखी दिसली, याची लाज. मी माझ्या सगळ्यात चांगल्या इंग्रजीत उत्तर दिलं, की ती काही लोकांची वाईट सवय आहे, आम्ही ती मोडायचा प्रयत्न करतोय.

ते खूश झाले. मीही झालो.

त्यांना वाचकांचे शंभर फॉर्म भरून हवे होते. दोन दिवसांत ऐंशी भरले. जाताना ते म्हणाले, उरलेले तुम्ही नेहमीच्या वाचकांकडून भरून पाठवा. ज्यांच्या हातात फॉर्म द्यायचे ती माणसं दुपारी येतच होती. दोन पावलं चालून जायचं होतं. पण फॉर्म इंग्रजीत होता, प्रत्येकाला समजावत बसण्यात दिवस गेला असता, आणि खरं कारण वेगळंच होतं. दुपारचे लोक पाहुणे नसताना बोलतात. ते संडासाचं सांगतील, पावसात गळणाऱ्या कोपऱ्याचं सांगतील, आणि ते माझ्या अक्षरात बेंगळुरूला जाईल. मी टेबलाशी बसून वीस फॉर्म स्वतः भरले. एकेकाचा चेहरा डोळ्यांपुढं आणून भरले, म्हणजे खोटं वाटू नये. त्या बाईचाही भरला. येण्याची वेळ या रकान्यात तिची खरी वेळ लिहिली. अडचणीच्या रकान्यात लिहिलं, काही नाही.

सहा आठवड्यांनी सामान आलं. दाराशी माणसाच्या उंचीचं मशीन, हॉलच्या एका कोपऱ्यात ‘चर्चेची जागा’. त्यासाठी आठ खुर्च्या काढल्या आणि त्यांच्या जागी भुसा भरलेल्या पोत्यासारख्या चार रंगीत गाद्या टाकल्या. उद्घाटनाला आलेल्या जिल्ह्याच्या साहेबांना फोटोसाठी एका गादीवर बसवलं, आणि उठवायला दोघे लागले. अप्पा बघून म्हणाले, “आमच्या म्हशीला बी अशीच एक द्या म्हणावं, गाभण हाय.”

मशीनची पद्धत अशी. जागा फोनवर धरायची. सकाळी आठला नोंद उघडते. दोन-दोन तासांच्या पाळ्या, धराल त्या वेळेपासून. कोणती खुर्ची हे मशीन आपल्या मनानं ठरवतं. पंधरा मिनिटं उशीर झाला तर जागा दुसऱ्याला. फोन नसलेल्यांसाठी दोन खुर्च्या, जो आधी येईल त्याला. आणि भिंतीवर पाटी, कन्नडमध्ये आणि इंग्रजीत: खुर्चीवर वस्तू ठेवू नये. मराठीत नव्हती. ज्या माणसांची सवय मोडायची, त्यांच्यातल्या अर्ध्यांना ती वाचता येत नव्हती, पण मी होतो ना तोंडी सांगायला.

सकाळी आठला ती बाई शाळेत तांदूळ निवडत असते. घरात फोन एक, तो नवऱ्याजवळ, नवरा टेम्पो घेऊन चिटगुप्प्याच्या रस्त्यावर.

पहिल्या दिवशी ती दीडला आली तेव्हा तिच्या खुर्चीवर एक कॉलेजातला गडी बसलेला, कानात वायरी. अप्पा दुसऱ्या टोकाला, फोन नसलेल्यांच्या खुर्चीवर. टॉवेल त्यांच्या खांद्यावर होता.

“ए बाबा, ऊठ की,” अप्पा लांबून म्हणाले. “त्या बाईची जागा हाय ती.”

गड्यानं वायर काढली आणि फोन दाखवला. “माझा नंबर आलाय, अप्पा.”

“नंबर तुजा आसंल रं. जागा तिची हाय.”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी पाटीकडं बोट केलं. खरंच केलं. बाई कपाटापाशी उभ्याउभ्या वीसेक मिनिटं पुस्तक चाळत राहिली, मग ठेवून गेली. दुसऱ्या दिवशी मी माझ्या फोनवरून तिच्यासाठी जागा धरली. मशीननं दिली ती दाराजवळची, अप्पांपासून सगळ्यात लांबची, आणि साडेतीनला पाळी संपली म्हणून मशीन वाजायला लागलं. तिसऱ्या दिवशी ती आली नाही. अप्पा आठवडाभर येत राहिले आणि मग तेही बंद झाले.

इकडं मशीनच्या पडद्यावर रोज हिरवी रेघ चढत होती. खुर्च्या भरलेल्या. बेंगळुरूहून शाबासकीचा संदेश आला. मी तो बायकोला वाचून दाखवला.

महिना होत आला तेव्हा मला अप्पा बाजारात भेटले. मी नमस्कार केला. ते म्हणाले, “काय सर, मशीन बरं हाय का?” आणि पुढं गेले. माझी विचारपूस नाही, पोराबाळांचं नाही. मला तिथंच समजायला हवं होतं ते समजायला आणखी दोन दिवस लागले. मग मी दुपारी शाळेत गेलो.

ती स्वयंपाकखोलीच्या मागं नळावर भलंमोठं पातेलं घासत होती. जोडीची एक म्हातारी बाई वरण ढवळायचा पळा धूत होती.

“आताशा येईनात तुम्ही,” मी म्हणालो.

“कुठं येऊ सर? मशीनच्या डोस्क्यावर बसू?”

“परीक्षा जवळ आली.”

“व्हय? बरं झालं सांगितलाव. मला ठाऊकच नव्हतं.”

म्हातारी खुदकन हसली. मी तिथून निघून जाऊ शकलो असतो. पण मग बोललो. “ते लोक आले होते ना, त्यांना प्रत्येकाचा फॉर्म हवा होता. तुमचा मी भरला.”

“कसला फारम?”

“तुम्हाला अडचण काय, म्हणून विचारलं होतं.”

“मग? काय लिहिलाव?”

“काही नाही म्हणून.”

तिनं हातातली घासणी खाली ठेवली. मग म्हातारीकडं वळली. “अक्का, ऐकलाव का? सरांनी लिहून दिलंय सरकारला, मला काय बी अडचण न्हाई. माझ्या सासूला वाचून दाखवा म्हणावं, लई बरं वाटंल तिला.”

“मला बी एक लिहून द्या सर,” म्हातारी म्हणाली. “गुडघा दुखायलाय, त्यो ऱ्हाईल.”

दोघी हसल्या. हसणं थांबल्यावर बाईनं माझ्याकडं नीट बघितलं. “पर कामून लिहिलाव तसं?”

“लायब्ररीला नाव नको म्हणून.”

“लायब्ररीला काय हुतंय? तिला काय परीक्षा द्यायची हाय?”

यावर मी जे उत्तर दिलं ते लिहायची मला लाज वाटते. मी म्हणालो, त्या लायब्ररीनं मला घडवलं. ती म्हणाली, “बरं,” आणि पातेलं उपडं केलं. त्याचं पाणी माझ्या बुटांपर्यंत आलं.

दुसऱ्या दिवसापासून पुस्तकांच्या खोलीतलं बांधणीचं टेबल मी मोकळं केलं. फाटकी पुस्तकं, डिंकाची बाटली, दोरा, सगळं खाली ठेवलं, दोन खुर्च्या मांडल्या आणि अप्पांच्या घरी जाऊन त्यांना घेऊन आलो. रिकाम्या खुर्च्यांच्या फोटोंसकट सगळं मी त्यांना सांगितलं, आणि त्यांनी माझ्याकडून दोनदा चहा घेतल्यावर यायचं कबूल केलं. दारावर ‘कर्मचाऱ्यांशिवाय कुणाला प्रवेश नाही’ अशी पाटी होती, ती तशीच राहू दिली. बाई दीडला यायची, मागून आत जायची. मशीनच्या हिशेबी ती दोघं लायब्ररीत नव्हतीच. पुस्तकांच्या खोलीतून त्यांची कुजबुज काउंटरपर्यंत यायची. अप्पा तिला अर्ज लिहायला लावत होते, पत्र लिहायला लावत होते, आणि चुकलं की म्हणत, “आगं, शेजारणीला बोलतीस तसं मनात बोल, आन् मग उतरव.”

परीक्षेला तीन आठवडे उरले असताना मॅडम पुन्हा आल्या, झालेल्या कामाचा परिणाम बघायला. सोबत जिल्ह्याचे साहेब. या वेळी साहेबांना मीटिंग होती म्हणून सगळे दुपारी दोनला आले. मॅडमनी हिरवी रेघ बघितली, रंगीत गाद्यांचे फोटो काढले. गाद्यांवर कुणी नव्हतं. मग त्यांना मागून आवाज ऐकू आला.

“आत कोण आहे?” साहेबांनी विचारलं.

“वाचक,” मी म्हणालो.

“वाचक हॉलमध्ये बसतात.”

आतून बाई बोलली. “हॉलात जागा न्हाई साहेब. आमी हितं सुखी हाव.”

मॅडम दारात गेल्या. मला खूण केली, म्हणजे मी भाषांतर करावं. त्यांनी इंग्रजीत विचारलं, तुम्ही आत का बसता? मी तोंड उघडायच्या आधी बाईनं कन्नडमध्ये विचारलं, “तुम्हाला कन्नड येतं ना?”

मॅडम म्हणाल्या, “येतं की. माझी तीच भाषा.”

दोन दिवस मी त्या बातम्यांच्या मराठीत घसा कोरडा केला होता, आणि समोर बसलेल्यांतल्या निम्म्यांना मॅडमची भाषा माझ्यापेक्षा चांगली येत होती. हे त्यांना सुचलं नाही, मलाही नाही. मला तर भाषांतर करायला मिळतंय याचाच अभिमान होता.

बाई कन्नडमध्येच पुढं बोलली, अजिबात न थांबता. तुम्ही दहाला आलात, मी दीडला येते. तुम्ही एकला जेवायला गेलात. ज्या खुर्चीचा तुम्ही रिकामी म्हणून फोटो काढला, ती माझी होती. या अप्पांनी धरून ठेवली होती. तुम्ही त्यांनाच विचारलंत काही अडचण आहे का, आणि पाहुणी म्हणून ते तुम्हाला नाही म्हणाले. परीक्षेआधीचा माझा एक महिना गेला. आता मला बोलायला वेळ नाही, साडेचारला मला जायचंय.

आणि तिनं वही ओढून घेतली.

मॅडमच्या चेहऱ्यावरून वाटलं, आता काहीतरी खरं बोलतील. त्यांनी पर्समधून पिवळी चिठ्ठी काढली, लिहिलं, आणि दाराच्या चौकटीला लावली. त्या गेल्यावर मी वाचली. दुपारच्या युजरना फोनवर आठवणीचा संदेश पाठवण्याची सोय करावी, असं लिहिलं होतं.

साहेबांना मी बाजूला घेऊन सांगितलं की वीस फॉर्म माझे होते, सगळे खोटे, आणि रुमालाबद्दलही मीच चुकीचं सांगितलं. मला वाटलं होतं ते चिडतील. ते दारातून बाहेर बघत म्हणाले, “रिपोर्ट वर गेलाय हो. आता तुम्ही खरं बोलून काय करायलाव? आणि ते टेबल मोकळं करा, कर्मचाऱ्यांची जागा आहे ती.”

टेबल मी मोकळं केलं नाही. आठवड्यानं मेमो आला, मी उत्तर लिहिलं, त्याला उत्तर आलं नाही. यात माझी काही बहादुरी नव्हती. मेमोपलीकडं कुणाला त्या टेबलाचं काही पडलं नव्हतं, हे मला कळलं होतं. परीक्षेच्या आदल्या दिवसापर्यंत ती दोघं तिथं बसली. परीक्षेला कलबुर्गीला जायचं होतं. पहाटेच्या गाडीला अप्पा स्वतः गेले, तिला खिडकीची सीट मिळाली की नाही ते बघूनच घरी आले, असं त्यांनीच मला सांगितलं.

पुढं छापील रिपोर्ट आला, गुळगुळीत कागद, पानापानावर आमचा हॉल. एकाही खुर्चीवर कपडा नाही. माझं नाव आभारात होतं. मी तो कपाटात ठेवला, कुणी मागितला नाही.

निकाल लागला त्या संध्याकाळी तिचा फोन आला, नवऱ्याच्या नंबरवरून. मागं टीव्हीचा आवाज होता.

“कन्नड निघालं सर,” ती म्हणाली. “अप्पांना सांगा, चांगलं निघालं.”

“आणि बाकीचं?”

“बालमानसशास्त्रात गेलं. ते जाड पुस्तक अर्धंच झालं हुतं माजं.”

ते पुस्तक घरी नेता येत नाही. हॉलमध्ये बसूनच वाचावं लागतं. ती नव्हती त्या महिन्यात ते कपाटात होतं, मी रोज त्याच्यासमोरून जात होतो.

मी विचारलं, “तो एक महिना मिळाला असता तर झालं असतं का?”

टीव्हीवर कुणीतरी भांडत होतं.

“तुमाला बरं वाटावं म्हणून काय म्हणू सर?” ती म्हणाली. “व्हय म्हणू का न्हाई म्हणू?”

मी म्हणालो, कन्नडचं अप्पांना सांगतो.

“ठेवते,” ती म्हणाली. “भाकरी टाकायच्यात.”